डेलमर क्विस्टची पंचवीस काडतुसं

डेलमर क्विस्ट वारला तेव्हा अर्विन हॉगनने त्याच्याशी बोलणं टाकून अकरा वर्षं झाली होती. ब्रान्सबीसारख्या चारशे वस्तीच्या गावात एका माणसाशी अकरा वर्षं न बोलणं हे येरागबाळ्याचं काम नाही. दोघं एकाच चर्चमध्ये दोन बाकं सोडून बसत, एकाच दुकानात खिळे घेत आणि एकाच शिकारी क्लबाचे सभासद होते. त्या क्लबात जुन्या यंत्रांवर कागदी काडतुसं भरणारे हे दोघंच. बाकीचे सभासद दुकानातून प्लास्टिकची काडतुसं आणत आणि या दोघांकडे, आपल्या घरी दळण दळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं, थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा कीवेने बघत. म्हणजे अर्विनला ज्या विषयावर बोलावंसं वाटे त्यावर बोलता येईल असा माणूस जिल्ह्यात एकच होता, आणि त्याच्याशीच बोलणं बंद होतं.

भांडण झालं ते एका यंत्रावरून. पितळेचं, अक्रोडाच्या मुठीचं, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, वीतभर उंचीचं यंत्र. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कनेक्टिकटमध्ये घडवलेलं. कागदी काडतुसात दारू, गाद्या आणि छर्रे भरून झाले की वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, काडतूस या यंत्रात धरायचं आणि मूठ फिरवायची. कागदाची कड आत वळते आणि करंजीला घालतात तशी मुरड पडून तोंड बंद होतं. मुरड चांगली तर काडतूस चांगलं. बंदूक, नेम, कुत्रा या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी आहेत, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

ते यंत्र एका जुन्या शेतघराच्या लिलावात, गंजक्या बिजागऱ्यांच्या खोक्यात निघालं. लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला मिळतो, आणि जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांच्या जमातीत एक रीत आहे. जो आधी वस्तूवर हात ठेवतो त्याची ती वस्तू. दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी तिच्यावर बोली लावायची नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण रीत मोडणाऱ्याला पुढे कोणी चहाकॉफीसुद्धा विचारत नाही. अर्विन माल मांडलेल्या कोठीत पोचला तेव्हा डेलमर खोक्यावर वाकलेला होता आणि त्याचा हात यंत्रावर होता.

अर्विनने यंत्र हातात घेतलं, मूठ जराशी फिरवली आणि म्हणाला, "स्प्रिंग गेलीय. भंगार आहे."

स्प्रिंग गेली नव्हती. अर्विनला ते हाताला कळलं होतं. साठी उलटलेला, चर्चच्या कमिटीवर असलेला माणूस खोटं बोलला, आणि तेही इतक्या सहज की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

डेलमरने लगेच हात काढला. "हो रे. गेलेलीच दिसतेय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या भंगाराच्या खोक्यावर बोली लावायला दोघंही हजर. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती. डेलमरने दोनदा हात वर केला, मग खाली घेतला आणि हसला. खोकं अर्विनला गेलं. अर्विनला ते हसू झोंबलं. त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता, की तू किती हलका माणूस आहेस ते मला आज समजलं. आणि ते खरं असल्यामुळे त्याला डेलमरचा फार राग आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून बोलणं बंद.

घरी आल्यावर अर्विनच्या लक्षात आलं की यंत्राच्या तोंडातली पोलादी खुंटी जागेवर नाही. गव्हाच्या दाण्याएवढी खुंटी, पण कागद वळवते ती तीच. ती नसेल तर मूठ फिरवली की यंत्र फक्त कागद फाडतं. शंभर वर्षांत कधीतरी पडली असणार, असं अर्विन धरून चालला. त्याने खिळ्याची खुंटी करून बघितली, सायकलच्या तारेची केली, बायको होती तोवर तिची एक विणायची सुईही कामी आणली. कागद फाटतच राहिला. भंगार आहे असं तो खोटं बोलला होता, आणि ते भंगारच निघालं.

आता हे सांगणार कोणाला? क्लबात त्याने सांगितलं की यंत्र लोण्यासारखं चालतं. मग ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दर वसंतात क्लबात जुन्या यंत्रांचं प्रात्यक्षिक असे, तेव्हा कोणी ना कोणी म्हणे, "अर्विन, ते कनेक्टिकटवालं आण की." त्यावर अर्विन म्हणे, "जुन्या वस्तूला उगाच त्रास देऊ नये." हाच अर्विन पूर्वी म्हणायचा की न वापरलेलं यंत्र म्हणजे नुसतं वजन. मागच्या रांगेत डेलमर हाताची घडी घालून बसलेला असे.

डेलमर गेला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ट्रॅक्टरखाली झोपून तेल बदलताना. हृदय बंद पडलं. पुढच्या सोमवारी सकाळी त्याची बायको आयोला अर्विनच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात आइस्क्रीमची पांढरी प्लास्टिकची बादली होती, कडीची. या भागात अशा बादलीत काहीही असू शकतं. बटाट्याची कोशिंबीर, कोंबड्यांचं खाणं, पाव किलो स्क्रू.

"डेलमर आहे," आयोला म्हणाली. "सगळा नाही. बाकीचा दफनभूमीत जाणार. पाद्रीबाबांचा आग्रह आहे."

अर्विनने बादली घेतली. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना, म्हणून तो ती धरूनच उभा राहिला.

आयोलाने कोटाच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. डेलमरचं अक्षर ट्रॅक्टरच्या बिलावर असायचं तसंच, मोठं आणि तिरकं. राख कागदी काडतुसांत भरावी. बारा बोअर. पंचवीस. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी पाणथळीवर सगळ्यांनी मिळून उडवावी. भरायची अर्विनने, आणि तोंडं बंद करायची ती अर्विनच्या कनेक्टिकटवाल्या यंत्रावर. दुसऱ्या कशावर नाही.

"हे कधी लिहिलं त्याने?"

"दर वर्षी लिहायचा. हंगामाच्या आधी. ही यंदाची." आयोला गाडीकडे वळली. "शनिवारी बारा वाजता, अर्विन. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" अर्विन म्हणाला.

शनिवारपर्यंत पाच दिवस होते. अर्विनने पंचवीस कागदी काडतुसं काढली, बुडाला टोप्या बसवल्या, काळी दारू मापून घातली, वर पुठ्ठा आणि नमद्याची गादी ठासली. इथपर्यंत हात आपोआप चालतात. मग त्याने काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं, यंत्र टेबलाला आवळलं आणि मीठ भरलेल्या एका रिकाम्या काडतुसावर नव्या खुंटीचा प्रयोग केला. कागद फाटला. मंगळवारी सात फाटले. बुधवारी त्याने ड्रिलचं पातं कापून खुंटी केली. त्याने कागद फाटला नाही, चुरगळला. गुरुवारी दुपारपर्यंत टेबलावर मीठ आणि कागदाच्या चिंध्या यांच्याशिवाय काही नव्हतं. बादली बाजूच्या स्टुलावर होती.

त्याच्याकडे मुरड घालायची आणखी दोन यंत्रं होती. दोन्ही ठणठणीत. गुरुवारी चार वाजता त्याने त्यातलं एक लावलं आणि मिठाची तीन काडतुसं बंद केली. तीनही नीट झाली. कोणाला कळणार होतं? जिल्ह्यात एका यंत्राची मुरड दुसऱ्यापासून ओळखू शकणारे दोघंच होते. एक स्वतः तो, आणि दुसरा बादलीत होता.

अर्विन बादलीसमोर बराच वेळ बसला. त्याला लाज वाटत होती. डेलमरला एकदा फसवलं तेव्हा निदान तो उलटून बोलू शकत होता. आता मेल्यावरही फसवायचं? आणि तेही पंचवीस वेळा? मेलेल्या माणसाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, पण म्हणूनच ते जास्त अवघड असतं असं अर्विनला आढळलं.

शुक्रवारी सकाळी त्याने यंत्र बुटांच्या खोक्यात घातलं, काडतुसं लाकडी खणात रचली, बादली पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला आणि क्विस्टांच्या घरी गेला.

आयोलाच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत शेजाऱ्यांची भांडी पसरली होती. मयताच्या घरी सगळं गाव भाजलेला बटाटा आणि खिमा आणतं, आणि भांडं परत मिळावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितं. आयोला भांडी उलटी करून नावं वाचत होती. तिने अर्विनला पातळ कॉफी दिली आणि खजुराच्या वडीची ताटली पुढे सरकवली.

"झाली?" तिने विचारलं.

"नाही." अर्विनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "यंत्र चालत नाही. कधीच चाललं नाही. त्यात खुंटी नाही. मी अकरा वर्षं गावाला सांगत आलो की ते चालतं."

आयोला भांडं पुसत होती.

"अजून आहे," अर्विन म्हणाला. "डेलमरने त्याच्यावर आधी हात ठेवला होता. मी त्याला म्हणालो की स्प्रिंग गेलीय. स्प्रिंग चांगली होती. मला ते हवं होतं म्हणून खोटं बोललो. तो मला चोर समजून गेला, आणि बरोबर समजून गेला."

त्याने एक अख्खी वडी तोंडात टाकली, म्हणजे निदान पुढे काही बोलावं लागणार नाही.

आयोलाने भांडं खाली ठेवलं. खिडकीच्या फळीवर अंडं ठेवायचा एक चिनीमातीचा छोटा कप होता. त्यातली रबरं आणि एक बटण तिने बाजूला केलं आणि काहीतरी चिमटीत धरून अर्विनच्या तळहातावर ठेवलं. गव्हाच्या दाण्याएवढं, पोलादी.

अर्विनला ते काय आहे ते बघताक्षणी कळलं. कळायला नको होतं असं त्याला वाटलं.

"तू कोठीत यायच्या आधीच त्याने ती काढली होती," आयोला म्हणाली. "खिशात टाकली. नुसत्या हात ठेवण्यावर त्याचा भरवसा नव्हता. खुंटी नसली की तुला यंत्र मोडकं वाटेल, तू बोली लावणार नाहीस, असा त्याचा हिशोब. मग तू आलास आणि स्वतःच म्हणालास की स्प्रिंग गेलीय. संध्याकाळी घरी येऊन इतका हसला, इतका हसला, जेवण गार झालं. म्हणे, आयोला, शेराला सव्वाशेर भेटला, पण आम्हा दोघांत शेर कोणता तेच कळत नाही."

"मग तो लिलावात बोली लावायचा थांबला का?"

"तू घेतलंस तरी तुझ्या हाती पोकळ यंत्रच पडणार होतं ना? म्हणाला, आठवड्यात येतो की नाही बघ. खुंटी मागायला."

"मला काय माहीत खुंटी त्याच्याकडे आहे? मला वाटलं, शंभर वर्षांपूर्वी पडली."

"ते त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला वाटायचं तुला सगळं कळतं. यंत्रांतलं." आयोला समोर बसली. "पहिलं वर्षभर रविवारी दुपारी कुठे गेला नाही. तू येशील म्हणून. शेडमध्ये दुसरं स्टूल आणून ठेवलं. माझ्या स्वयंपाकघरातलं. मी तीनदा परत आणलं, त्याने तीनदा नेलं."

अर्विनने खुंटी एका बोटावरून दुसऱ्या बोटावर घेतली.

"मी म्हणायची, अरे तूच जा ना घेऊन. दोन मैलांवर तर राहतो. म्हणायचा, मी नेऊन दिली तर ती चोरी होते, आयोला. तो मागायला आला तर गंमत होते."

"अकरा वर्षं," अर्विन म्हणाला.

"अकरा."

"गाढव."

"दोघं," आयोला म्हणाली आणि त्याला आणखी कॉफी ओतली.

अर्विनला रडू आलं. तो सत्तर ओलांडलेला, नॉर्वेहून आलेल्यांचा नातू होता आणि दुसऱ्याच्या घरात रडायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो ते खिडकीकडे तोंड करून, टोपीचं अस्तर तपासत असल्यासारखा रडला. आयोलाने तेवढ्या वेळात दोन भांड्यांची नावं वाचली.

मग तिने टेबलावर जुनं फडकं अंथरलं आणि अर्विनने कडेला यंत्र आवळलं. खुंटी भोकात ठेवून अंगठ्याने दाबली तशी ती टक् करून बसली. सायकलची तार असली तर तिला हातोडी लागायची.

काम वाटून घेतलं. आयोला कॉफीच्या चमच्याने राख घालत होती, वर अर्विन थोडे छर्रे टाकून चकती ठेवत होता. चकतीवर पेन्सिलीने छर्‍यांचा नंबर लिहायची रीत आहे, म्हणजे कुठलं काडतूस कशासाठी ते शेतात अंधुक उजेडातही कळतं. अर्विन पेन्सिल घेऊन थांबला.

"नंबर काय लिहू?"

"तो किती नंबरचा होता?"

"बारीक आहे," अर्विन बादलीत बघून म्हणाला. "आठ नंबरच्या छऱ्यांपेक्षा बारीक."

"मग डी लिही. नाहीतर कोणीतरी कबुतरं मारायला नेईल."

अर्विनने डी लिहिला, काडतूस यंत्रात धरलं, दांडा दाबला आणि मूठ फिरवली. कागदाने कुरकुर केली नाही. कड आत वळली, चकतीवर गोल बसली, आणि काडतूस बाहेर आलं. अर्विनने ते खिडकीशी नेऊन फिरवून बघितलं. चाळीस वर्षांत त्याने हजारो काडतुसं बंद केली होती, पण अशी मुरड त्याने पाहिली नव्हती. कुठे सुरकुती नाही, कुठे सांधा नाही. त्याने ते आयोलासमोर धरलं.

"छान आहे," आयोला म्हणाली. शेजाऱ्याच्या हिरवळीला म्हणतात तसं. तिचं काही चुकलं नव्हतं. ही मुरड म्हणजे काय चीज आहे ते ज्याला दाखवावं असा माणूस एकच होता, आणि तो चकतीच्या खाली होता.

पंचवीस व्हायला दोन तास लागले.

शनिवारी बारा वाजता पाणथळीवर चौदा माणसं आणि पाच कुत्री जमली. वारा उत्तरेचा होता. पाद्रीबाबांनी थोडक्यात प्रार्थना केली आणि वारा येत होता त्या बाजूला, राख अंगावर येऊ नये अशा जागी जाऊन उभे राहिले. यावरून ते पूर्वीही अशा प्रसंगाला हजर असावेत. मग एकेकाने पुढे येऊन बार काढला. काळ्या दारूचा पांढरा धूर पाणकणसांवरून सरकत जायचा, आणि त्यात डेलमर कोणता आणि धूर कोणता ते ओळखता येत नव्हतं. कुत्र्यांना वाटलं काहीतरी पडलं असणार. ती दर वेळी धावत जाऊन रिकामी परत येत होती आणि हळूहळू त्यांचा या लोकांवरचा विश्वास उडत चालला होता.

अर्विन काडतुसं वाटत होता. शेवटी त्याने लाकडी खण उलटा करून दाखवला. "झालं."

लोक बंदुका बिजागरीशी उघडून खांद्यावर टाकायला लागले. आयोला हलली नाही.

"चोवीस झाले," ती म्हणाली.

"हं?"

"मी मोजले, अर्विन. चोवीस."

सगळे अर्विनकडे बघायला लागले. त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि काडतूस बाहेर काढलं. पहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलेलं. ते उडवलं की ती मुरड उलगडणार, हे त्याच्याने सोसवेना. काचेच्या कपाटात, यंत्राशेजारी, जागा त्याने शुक्रवारीच पुसून ठेवली होती.

"म्हटलं, एक ठेवावं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लहान वाटला.

"एकाने खिशात टाकलं आणि अकरा वर्षं गेली," आयोला म्हणाली. "हवं असेल तर विचार ना. विचारायला काय होतं तुम्हा लोकांना?"

पाद्रीबाबांसकट सगळे ऐकत होते. अर्विनने घसा साफ केला.

"आयोला," तो म्हणाला, "हे मी ठेवून घेऊ?"

आयोलाने विचार केला. खरोखरच केला, तोंडावर दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली.

अर्विनने मान हलवली. बंदुकीत काडतूस घातलं, घालताना अंगठा एकदा मुरडीवरून फिरवला आणि पाणथळीकडे तोंड करून बार काढला. धूर पाणकणसांवरून विरत गेला. मग त्याने बंदूक उघडली. रिकामं काडतूस गरम होतं आणि त्याचं तोंड फुलून उघडं झालं होतं.

"ते ने," आयोला म्हणाली. "ते कपाटात ठेव. आणि रविवारी दुपारी ये, त्याच्या शेडमध्ये अजून चाळीस यंत्रं आहेत आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"किती वाजता?" अर्विनने विचारलं.

"जेवण झाल्यावर," ती म्हणाली. "स्टूल तिथेच आहे."